व्हर्नाच्या आईचं चित्र

“ही माझी आई नव्हे,” व्हर्ना म्हणाली आणि तिनं चित्र टेबलावर पालथं घातलं.

मरंबिजी नदीकाठच्या त्या गावात मुलांसाठी एक चित्रपुस्तक निघणार होतं. गोऱ्यांच्या सरकारची माणसं मूलनिवासींची पोरं आईबापांपासून उचलून नेत, त्या काळाचं. गोष्ट व्हर्ना पेटनची स्वतःची होती आणि चित्रं शहरातल्या एका चित्रकाराची. व्हर्ना तिथल्या मूळच्या विराजुरी लोकांपैकी, वय एकसष्ट. वीस वर्षं ती गावच्या शाळेत मदतनीस होती आणि अख्खी शाळा तिला आँटी म्हणायची.

पुस्तक समितीची अध्यक्ष बेव्हर्ली चाचरत म्हणाली, “काय चुकलंय त्यात?”

“अनवाणी, केस पिंजारलेले, सालीच्या झोपडीपुढे फतकल मारून बसलेली! माझी आई बूट घालायची, बाई. दर रविवारी पॉलिश करायची. घर पत्र्याचं होतं, पण अंगण असं झाडलेलं असायचं, की आमचं पाऊल उमटलं तरी ओरडा बसायचा. ही बाई बघून पोरं म्हणतील, मुलींना नेलं ते बरंच झालं.”

“अगं, पण छपाई दोन महिन्यांवर आलीय. आता चित्रकार कुठून आणू?”

“मी करते.”

व्हर्नाला चित्र काढता येत नव्हतं. शिवता मात्र येत होतं; चित्रं ती कापडाचीच शिवणार होती. त्याच दिवशी कापडाच्या तुकड्यांची पिशवी घेऊन ती थोरल्या बहिणीकडे, आयरिसकडे गेली. दोघींना एकाच सकाळी एकाच अंगणातून नेलं होतं. नऊ वर्षांची आयरिस मुलींच्या आश्रमात गेली आणि सहा वर्षांची व्हर्ना एका गोऱ्या कुटुंबात. आईला तू नकोच होतीस, असं त्या घरात तिला सांगितलं गेलं. बहिणी भेटल्या त्या सत्तावीस वर्षांनी. तोवर आई गेली होती. त्या सकाळबद्दल आयरिस अवाक्षर काढत नसे.

“मला ह्यात ओढू नकोस,” आयरिसनं आधीच बजावलं.

“नाही ओढत. फक्त पडद्यांचा रंग सांग. पिवळे होते ना?”

“पिवळे? हिरवे होते! तुला आठवतंय डोंबल.”

“मग काप हिरवे.”

आयरिसनं रागारागानंच कात्री उचलली. पुढे पाच आठवडे दोघी जेवणाच्या टेबलावर कापडातून घर कापत होत्या, नदी कापत होत्या, आणि भांडत होत्या. शेवटी त्या सकाळी दोघींना नेणारी गाडी उरली. व्हर्नानं राखाडी तुकडा घेतला, तो आयरिसनं तिच्या हातातून काढून घेतला.

“काळी होती. मागच्या दाराला आतून मूठ नव्हती. मी चाचपून बघितलं होतं.”

व्हर्नाची सुई थांबली. आयरिस मात्र मान वर न करता कापत राहिली.

चित्रं बेव्हर्लीला फार आवडली. नेमकं गाडीचंच पान तिला नको होतं. “लहान पोरं घाबरतील, व्हर्ना. हे एवढं गाळलं तर?”

“माझ्यावर ती वेळ आली तेव्हा मी सहा वर्षांची होते,” व्हर्ना म्हणाली. “ह्या पोरांना नुसतं ऐकायचंय. पान गाळायचं असेल तर माझं नावही गाळा, आणि गोष्टही परत द्या.”

बेव्हर्लीनं ते पान परत गठ्ठ्यात ठेवलं. मग म्हणाली, “राहू दे. माझंच चुकलं.”

पुस्तक छापून आलं आणि व्हर्नानं ते पहिल्यांदा शाळेतच वाचून दाखवलं. आयरिस सगळ्यात मागे, पर्स मांडीवर धरून, कधीही उठून जाईल अशी बसली होती. वाचून झाल्यावर पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, “मग आईनं तुम्हाला शोधलंच नाही का, आँटी?”

पंचावन्न वर्षं हाच प्रश्न व्हर्नानं गिळला होता.

“शोधलं,” मागून आवाज आला. आयरिस उभी राहिली होती. “तीनदा आश्रमाच्या फाटकाशी आली. मी खिडकीतून बघितलं. दरवेळी विचारायची, धाकटीला कुठे ठेवलंय? आणि दरवेळी तिला हाकलून दिलं.”

व्हर्नानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. “मला का नाही सांगितलंस?”

“तिला हाकललेलं तोंडानं सांगवत नव्हतं गं,” आयरिस म्हणाली. “आज ह्या पोरीनं सरळ विचारलं.”

दुसऱ्या आवृत्तीत एक पान वाढलं. त्यावर बंद फाटक आहे, आणि फाटकाबाहेर एक बाई ताठ उभी आहे. ते पान आयरिसनं एकटीनं कापलं, कुणाला हात लावू दिला नाही. आता आसपासच्या शाळा बोलावतात तेव्हा दोघी मिळून जातात, आणि ते पान आयरिस वाचते.