चंद्रावरच्या माणसांची वानगी

रा. रा. नत्थुजी यांस,
रविवारी भर प्रार्थनेत उठून तुम्ही विचारलंत, चंद्रावर माणसं असतील तर त्यांच्यासाठी येशू वेगळा मेला का. मला ठाऊक नाही. प्रश्न कागदावर उतरवून द्या, मुंबईच्या मोठ्या पाद्रीसाहेबांना डाकेनं पाठवतो. तोवर कृपा करून हे बाजारात कुणाला विचारू नका.
आपला, शेषराव मास्तर

नत्थुजींना अक्षरओळख नव्हती. चिठ्ठी त्यांनी अब्दुल सत्तार अडत्याकडून वाचून घेतली, तीही अमरावतीच्या भर कापूसबाजारात, मोठ्यानं.

खोड मिशनच्या गोऱ्या साहेबाची होती. दौऱ्यावर आला, तिन्हीसांजेला दुर्बीण लावून लोकांना चंद्र दाखवला. नत्थुजींनी विचारलं, "तिथं मानसं हायेत का?" साहेब म्हणाला, "असतीलही. देवाला काय अशक्य?" आणि सकाळी अकोल्याला निघून गेला. निस्तरायला इथले देशी उपदेशक शेषराव मागे. नगरहून इथं येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती आणि बाप्तिस्मा एकही नाही. या नाताळपर्यंत कुणी मिळालं नाही तर मिशनचं इथलं ठाणं बंद, शेषराव परत थोरल्या भावाच्या दारात. तयार होते ते एकटे नत्थुजी.

नत्थुजी कापसाचे पारखी. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, इकडे कापसाला सोन्याचा भाव, त्यामुळे लोक वर पांढराशुभ्र कापूस रचून खाली ढेकळं भरायचे. नत्थुजी कोपरापर्यंत हात खुपसून तळाची मूठ काढत. ती वानगी पाहिल्याशिवाय भाव बोलत नसत.

शेषरावांनी तोच धागा धरला. "समजा, देवानं पृथ्वीची वानगी घेतली आणि सगळ्या ताऱ्यांचा सौदा एकदाच केला."

नत्थुजींचा चेहरा उतरला. "एका गाडीच्या वानगीवर दुसरी गाडी? मास्तर, असा सौदा तं सत्तारभाईबी करत नाही."

"मग प्रत्येक ताऱ्यावर वेगळा जन्म, वेगळा क्रूस?"

"ते तुमी सांगा. अन् तिथल्या पयल्या बाईनं ते मना केलेलं फळ खाल्लंच नसन तं? मंग पाप नाही, पादरी नाही. मी तिकडंच जातो ना."

"इथं घरात पानी नाही," त्यांची बायको मैनाबाई म्हणाली, "अन् हे चांदावर चालले. जा, पन घागर घेऊन जा."

सत्तारभाईंनी प्रश्न सुवाच्य लिहून दिला. खाली नत्थुजींनी ओळ घालायला लावली: उत्तर पटलं तं बाप्तिस्मा घेतो, नाही तं नाही.

ती ओळ शेषरावांनी तीनदा वाचली. मोठ्या साहेबांचं उत्तर आजवर कुणाला पटल्याचं त्यांच्या ऐकण्यात नव्हतं. कागद त्यांनी पेटीत ठेवला, उद्या डाकेत टाकू म्हणून.

नाताळला दौऱ्याच्या साहेबानं अहवालात लिहिलं, 'अमरावती: एक जिज्ञासू, अत्यंत गंभीर.' त्यावर ठाण्याला वर्षाची मुदत मिळाली. पुढच्या नाताळला तेच वाक्य, तीच मुदत.

दर रविवारी नत्थुजी सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या सतरंजीवर बसत.

"आलं का, मास्तर?"

"डाक लांबची, नत्थुजी."

मग आगगाडी आली. नत्थुजींनी ती स्वतः जाऊन पाहिली, चाकंसुद्धा मोजली.

"आता तं गाडी हाय, मास्तर."

"मुंबईचे मोठे साहेब थकलेत. विचार करून लिहितात."

"करू द्या," नत्थुजी म्हणाले. "घाईनं भाव बोलनारा पारखी कच्चा." आणि मांडी घालून बसले.

शेषरावांनी पेटीवर बायबल ठेवलं आणि प्रार्थना सुरू केली. कागद पेटीतच होता, तिकीट न लावलेला.