देवाकडे पाठ, आगीकडे तोंड

हेमलताताई घरत यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या शिडीवर होत्या आणि मी खाली उभा होतो. इतक्या वर्षांत या स्थितीत फारसा फरक पडलेला नाही.

जागा होती माझ्या पत्नीचे थोरले बंधू विश्वासराव यांचा गणपतींचा कारखाना. पनवेलच्या बाहेर, जुन्या रस्त्यालगत पत्र्याची मोठी शेड. शाडूच्या मूर्ती आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत वाळता वाळत नाहीत आणि ओल्या मातीवर रंग धरत नाही. म्हणून विश्वासरावांनी छताला टांगायचा गॅसचा हीटर बसवून घेतला होता. लोखंडी पेटी, आत बर्नर, मागे पंखा. पंखा गरम हवा शेडभर फेकतो आणि जळलेला वायू धुराड्यातून पत्र्याबाहेर जातो. पनवेलमध्ये हीटर म्हटलं की लोक आधी कपाळावरचा घाम पुसतात आणि मग हसतात. ताईंनी या हसणाऱ्यांच्या गावात आयुष्यभर हीटर बसवण्याचा धंदा केला, यावरूनच त्यांच्या चिकाटीची कल्पना यावी.

मला तिथे बोलावण्यात आलं होतं ते मध्यस्थ म्हणून. हीटर चालता चालता बंद पडत होता. त्यावरचं एक लाल बटण दाबलं की पुन्हा चालू होई, थोड्या वेळाने पुन्हा बंद. एका मेकॅनिकने उपाय सांगितला होता, की त्या बटणाच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाका, कटकट मिटेल. ज्यांनी हीटर बसवला त्या ताई मात्र वायरींना कोणाला हात लावू देत नव्हत्या. चतुर्थी तोंडावर आलेली, मंडळांचे फोन चालू, निम्म्या मूर्ती ओल्या. विश्वासरावांचा वर्षाचा संसार त्या शेडमध्ये ओलाच उभा होता. माझ्यासारखा संस्कृतचा शिक्षक चार शब्द गोड बोलला तर बाई ऐकतील, असा त्यांचा भाबडा समज. मी बोललोही. ताईंनी शिडीवरून शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, शिडी धरा. हलते हाय."

मी शिडी धरली. मध्यस्थी तिथेच संपली.

ताईंचा जन्म खाडीकाठच्या मिठागरवाल्या घरातला. मीठ उन्हाने सुकतं असं आपल्याला वाटतं. पण वारा पडला की ऊन नुसतं तापत बसतं, हे त्या लहानपणी बांधावर बसून शिकल्या. पुढे मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, तोही वर्गात मुलगी म्हणून एकट्याच. तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात रंगाची भुकटी वाळवण्याच्या विभागात नोकरी केली. तिथल्या साहेबांशी सुरक्षेवरून वाद झाला तेव्हा साहेबांना वाटलं, बाई नमतील. बाईंनी राजीनामा दिला आणि स्वतःचं दुकान थाटलं. कोंबडीच्या पिलांच्या शेडा, पापडांचे उद्योग, रंगाच्या खोल्या, जिथे म्हणून कोरडी ऊब लागते तिथे ताईंचा हीटर टांगलेला असतो. साठीनिमित्तच्या अशा गौरवग्रंथात सत्कारमूर्तींच्या विनयाबद्दल लिहिण्याची प्रथा आहे. ती मला पाळता येत नाही. आपल्याला काय येतं हे ताईंना नेमकं ठाऊक आहे आणि ते त्या समोरच्यालाही ठाऊक करून देतात.

तर त्या दिवशी त्यांनी सारं तपासलं. गॅसच्या नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावून गळती पाहिली. बर्नर उघडून पाहिला, कारण वर्षभर हीटर झोपला की कोळी आत जाळं विणतात आणि ज्योत पिवळी पडते. जाळं नव्हतं, ज्योत निळीशार. पंखा ठीक, धुराडं मोकळं. त्यांच्या समोर हीटर दुपारभर सुरळीत चालला. विश्वासराव म्हणाले, हा ताईंना घाबरतो. ताईंनी एकच विचारलं, की हा बंद पडतो तेव्हा शेडमध्ये नेमकं काय चाललेलं असतं.

मग एक कारागीर हळूच म्हणाला, "आखणी."

मूर्तीचे डोळे लिहिण्याला कारखान्यात आखणी म्हणतात. हे काम बाळकृष्णकाकांचं. काका सत्तरीकडे झुकलेले, हात मात्र दगडासारखा स्थिर. ते आखणीला बसले की दारं-खिडक्या बंद होत, कारण वाऱ्याची झुळूक केसाएवढ्या कुंचल्याला पुरते आणि ओल्या रंगावर धूळ बसते. तेवढ्या वेळात भिंतीतला हवा बाहेर फेकणारा पंखा लावत, कारण रंगाचा वास काकांच्या छातीला सोसत नसे. आणि डोळे उघडताना तिथे दुसऱ्या कोणी थांबायचं नाही, ही काकांच्या वडिलांपासूनची रीत. हीटर नेमका तेव्हाच विझायचा. कारागिरांनी त्याचा अर्थही लावून टाकला होता: देव डोळे उघडतो, त्या तेजापुढे आग टिकत नाही. मला हा अर्थ फार आवडला. ताईंना आवडला नाही.

त्यांनी जाहीर केलं, की उद्या आखणीच्या वेळी आपण आत थांबणार. काकांनी मान हलवून नकार दिला. विश्वासराव मध्ये पडले. रीत मोडायची नाही. त्यापेक्षा वायर जोडा, सीझन निघू दे, मग काय ते बघू. ताई त्यांच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. बाहेर गेल्या, गॅसच्या सिलेंडरांचा मुख्य कॉक बंद केला, त्याला स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग काकांसमोर येऊन उकिडव्या बसल्या.

"काका, देवाचं डोळं उघडताना आमी बघायचं नाय, हे मान्य. मग मी देवाकडं पाठ करून बसते. आगीकडं तोंड करून. चालंल?"

काकांनी मान वर करून हीटरकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "आग बघायला माजी ना नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप निघालं, हीटर लागला, दारं लागली. आत काका, मूर्ती आणि ताई. बाकी आम्ही बाहेर. पुढचं ताईंनी नंतर सांगितलेलं. देवापुढची एक पेटती उदबत्ती त्यांनी काकांच्या परवानगीने उचलली आणि शिडीवर चढून, जळलेला वायू धुराड्यात शिरतो त्या तोंडाशी धरली. धूर आत ओढला जायला हवा होता. तो उलटा शेडमध्ये येत होता. भिंतीतला पंखा हवा बाहेर फेकतोय, आत यायला एकही फट नाही. मग शेड श्वास घेणार कुठून? धुराड्यातून. जे बाहेर जायचं ते त्या वाटेने आत येत होतं. आणि त्या तोंडाशी बसवलेलं तेच लाल, सुरक्षेचं बटण, गरम वायू उलटा फिरलेला कळताच, आपलं काम चोख करून गॅस तोडत होतं.

दार उघडलं तेव्हा ताई काकांना हाताला धरून बाहेर आणत होत्या. अंगणात बसवून त्यांनी विचारलं, डोकं धरतं का? काका म्हणाले, आखणीला बसलं की धरतंच, या वर्षी जास्त. त्यांनी त्यापायी चष्मा बदलला होता. घरच्यांनी वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. तो जळका वायू, कार्बन मोनॉक्साईड, दिसत नाही, त्याला वास नाही. आधी डोकं धरतो, मग माणूस झोपतो, आणि उठत नाही.

विश्वासराव तरीही एकदा म्हणाले, "म्हणजे बिघाड सापडला ना ताई? आता तरी बंद पडणार नाही ना?"

"विश्वासराव, तो बंद पडतो म्हणून काका आज बसलेत समोर. बिघाड कशाला म्हणता? राखणदार हाय तो. तुमी त्याचाच गळा दाबाया निघाला होता."

विश्वासराव उठले, काकांसाठी पाणी घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने सगळ्या खिडक्या उघडल्या. मग त्यांनी ताईंच्या देखत एका मंडळाला फोन लावून सांगितलं, की मूर्ती उशिरा मिळेल, चालत नसेल तर दुसरीकडे बघा. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तो गणपती त्या वर्षी दुसऱ्या कारखान्यातून गेला.

ताई पुढचे सगळे दिवस तिथेच होत्या. भिंतीत खालच्या बाजूला बाहेरची हवा घेणारी झडप बसवली आणि जोडणी अशी केली, की झडप उघडल्याशिवाय भिंतीतला पंखा लागूच नये. पण काकांनी तक्रार केली: वारा कुंचल्याला लागतो. कोणी दुसरं असतं तर म्हणालं असतं, जीव वाचला ना, मग वारा सोसा. ताई काकांच्या पाटावर मांडी घालून बसल्या, हातात कुंचला धरला आणि एका फुटक्या साच्यावर रेघा मारत राहिल्या. वारा कुठून येतो, मनगटाला कुठे लागतो, हे त्यांना स्वतःच्या हाताने समजून घ्यायचं होतं. मग झडपेसमोर तिरकी फळी उभी केली. वारा वर वळला. काका पुन्हा पाटावर बसले, एक रेघ ओढली, आणि मागे न पाहता म्हणाले, "ताय, आता आग बघा तुमी." त्या वर्षीचे उरलेले सगळे देव ताईंच्या पाठीमागे डोळे उघडत गेले. हीटर एकदाही विझला नाही.

त्यानंतर ताईंशी घरोबा झाला. घरोबा म्हणजे काय, तेही सांगतो. एकदा त्यांना सहकुटुंब चहाला बोलावलं. त्या आल्या, चपला काढल्या आणि थेट न्हाणीघरात गेल्या. तिथे आमचा गॅसचा गिझर होता आणि डास येतात म्हणून खिडकीला आम्ही प्लास्टिक चिकटवलं होतं. चहा निवला. गिझर त्याच संध्याकाळी बाहेर गॅलरीत गेला. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती आणि रोज त्या न्हाणीघरात दार लावून गाणी म्हणत असे. ताईंनी तिला फक्त एवढंच सांगितलं, की गाणं मोठ्याने म्हणत जा, म्हणजे आईला ऐकू येईल. ती बाहेर गेल्यावर त्यांनी आमच्याकडे कसं पाहिलं, ते मात्र मी लिहीत नाही.

त्यांना दोष नाहीत असं नाही. लग्नाच्या पंगतीत त्या वधूवरांआधी आचाऱ्याचे सिलेंडर पाहतात. हॉलमध्ये शिरल्या की पाहुण्यांऐवजी खिडक्या मोजतात. मी कारखान्यांसाठी सूचनांचा फलक लिहून दिला होता, शुद्ध आणि प्रासादिक. तो वाचून त्या म्हणाल्या, हे समजेपर्यंत कारखाना जळंल. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या संस्कृतात आगीला इतकी नावं, त्यात हवा मागणारी असं एखादं आहे का? मी सांगितलं, वायुसख. वाऱ्याचा सोबती. त्या म्हणाल्या, "मग पोरांना हेच आधी शिकवा. बाकीची नावं मागनं." तेव्हापासून मी शिकवतो.

साठी पूर्ण झाल्याबद्दल सत्कार करायचा आहे, हे समितीने कळवलं तेव्हा त्यांनी आधी नकार दिला आणि मग अट घातली: ओवाळा, पण दारं उघडी ठेवून. धंदा सोडण्याचा विचार आहे का, असं कोणी विचारलं तर त्या म्हणतात, श्रावणात विचारा. श्रावणात त्या शिडीवर असतात.

काकांनी आता ऐंशी ओलांडली आहे. आखणी त्यांचा मुलगा करतो. काका पाटाशेजारी खुर्चीत बसून चुका काढतात. या ग्रंथासाठी ताईंना काय शुभेच्छा द्याल, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी झडपेकडे हात केला. पंखा चालू होता, फळी तिरकी उभी होती, वारा वर वळत होता. म्हणाले, "माजा रोजचा श्वास तिच्या नावाचा हाय. त्यातला लागंल तेवढा तिला मिळो."

माझ्या मते याहून मोठं आयुष्य कोणी कोणाला चिंतू शकत नाही. ताईंची तब्येत ठणठणीत राहो, गुडघे शिडीला साथ देवोत, आणि त्यांच्या घराच्या खिडक्या सदैव उघड्या राहोत. शिडी धरायला आम्ही आहोत.