दुसरा कप

प्रेमलता शितोळे बावीस वर्षं पोलिसात होती आणि त्यातली अठरा वर्षं ती लिहीतच होती. रोजनामचा, एफआयआर, जबाब, पंचनामे. इंदूरच्या जुन्या गिरणीवस्तीतल्या त्या ठाण्यात नवा अधिकारी आला की तिचे कागद बघून शिकायचा. डोळ्यांनी बघितलं नाही ते ती लिहायची नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी फोन आला. एकटी राहणारी सखुबाई दार उघडत नव्हती. कडी आतून होती. साडेनऊला पोलिसांनीच दार तोडलं. म्हातारी खुर्चीत बसल्या बसल्या गेली होती. शेजारची शारदा आणि समोरचे श्रीकृष्ण काका पंच झाले. प्रेमलतानं खोलीतली एकेक वस्तू लिहिली, दोघांना वाचून दाखवली, सह्या घेतल्या.

चार दिवसांनी सब-इन्स्पेक्टर अश्विन कागद घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"प्रेमलताजी, हे काय? 'चहाचे दोन कप. एक रिकामा, दुसरा भरलेला, गरम.' फोटोत तर एकच कप आहे."

तिनं फोटो पाहिला. रिकामा कप. शेजारी मोकळं टेबल.

"और ये देखो," त्यानं पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट पुढे केला. मृत्यू आदल्या संध्याकाळी, हृदय बंद पडून. "बंद खोलीत रात्रभर चहा गरम राहील का? गलती हो गई होगी. दुसरा पंचनामा बनवू, सह्या मी आणतो."

"सर, मी बोट लावलं होतं. चटका बसला."

तो गेल्यावर तिनं स्वतःचं अक्षर पुन्हा वाचलं. चार ओळी खाली लिहिलं होतं: शेगडी थंड, सिलिंडर रिकामा. मग तो चहा तापला कशावर?

दुपारी ती त्या गल्लीत गेली. श्रीकृष्ण काका म्हणाले, "एकच होता ना. तुम्ही वाचलं तेव्हा माझं ध्यान नव्हतं."

शारदानं दार अर्धंच उघडलं.

"दोन होते, ताई. एकातून वाफ निघत होती, म्हणून तर मी मागे सरकले."

"मग तसा जबाब दे."

"नको. लिहिलं की पक्कं होतं. मला याच भिंतीला लागून झोपायचंय."

प्रेमलतानं पंचनामा बदलला नाही. चौकशीत मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "गरम कप स्वतः पाहिलात?"

"हो."

"आला कुठून?"

"ते मला माहीत नाही, सर. होतं ते लिहिलं."

त्यांनी नैसर्गिक मृत्यू असा शेरा मारून फाइल बंद केली. कपाबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

जूनमध्ये तिनं देपालपूरच्या ग्रामीण ठाण्यात बदली मागून घेतली. कारण लिहिलं, कौटुंबिक. उभ्या नोकरीत तिनं लिहिलेलं ते पहिलं खोटं. तिकडे बांधावरची भांडणं, विहिरींवरून चोरीला गेलेल्या पाण्याच्या मोटारी, सगळं उघड्यावरचं काम. कुठं बंद घर उघडायची वेळ आली, की ती लिहायला दुसऱ्याला बसवते आणि स्वतः बाहेर जमलेल्या माणसांत जाऊन उभी राहते.