सरकार आले, सरकार आलं

आमची पलटण मोडायला निघाली त्या पावसाळ्यात कंपनी देपालपूरच्या रस्त्यावर पूरबंदोबस्ताला होती. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं होतं. आम्ही इंदूरच्या संस्थानी फौजेतले. आमच्यापैकी कोणाला इंडियन आर्मीत घ्यायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, हे ठरवणारं स्क्रीनिंग बोर्ड नुकतंच येऊन गेलं होतं.

मी जमादार भोईटे. दुसरा जमादार दत्ता जगताप. दोघंही मल्हारगंजातले, एकाच गल्लीतले, एकाच दिवशी भरती झालेले. बोर्डानं त्याला घेतलं आणि मला 'सरप्लस' ठरवलं. माझं इंग्रजी कच्चं होतं, छातीही जरा कमी भरली. आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या या गादीची चाकरी केली, असं मी सांगू लागलो तर समोरचे मेजर म्हणाले, "नेक्स्ट." त्या संध्याकाळी जगतापनं जिलबी वाटली. घशाखाली उतरली नाही असं सांगणं खोटं ठरेल, मी दोनदा मागून खाल्ली. पण आतून जळत होतो.

तसा त्याचा हेवा मला लहानपणापासूनचा. त्याचा हुकूम परेड ग्राउंडच्या पार पलीकडं ऐकू जाई. दसऱ्याच्या स्वारीत महाराजांच्या हत्तीच्या उजव्या अंगाला चालायचा मान त्याला मिळे. मी मागं, तोफा ओढणाऱ्या बैलांच्या शेपट्या मोजत.

सरकारशी मात्र माझं भांडण नव्हतं. वडील म्हणत, "राजा गेला की रिवाज जातो." मी त्यांच्याशी वाद घालत असे. गोरा रेसिडेंट गेला, आता आपलीच माणसं आली, देवधर्म जाणणारी, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणारी. ती आपला रिवाज कशाला मोडतील? मग आमचे घोडे लिलावात गेले. लायनीतली शस्त्रपूजा 'अनावश्यक' ठरली. पलटणीचं नाव जाऊन नुसता नंबर उरला. साहेबाच्या राज्यात जे टिकलं ते आपल्या राज्यात बघता बघता आटोपलं. तरी मी घरी सरकारचीच बाजू घेत होतो. तोंडघशी पडायचं नव्हतं, दुसरं काय?

इथं एक शब्द समजून घ्यावा लागेल. आमच्या घरांत 'सरकार' म्हणजे महाराज. 'सरकार आले, सरकार जेवले.' मंत्रिमंडळ आलं ते मात्र 'सरकार आलं'. मात्रा काढून अनुस्वार दिला की राजाचा मंत्री होतो. वडील हा फरक कटाक्षानं पाळत. पण हिंदी बोलणाऱ्या ठाणेदाराला त्याचं काय?

त्या सकाळी देपालपूरच्या ठाण्यातून टेलिफोन आला. जगतापनं घेतला. "सरकार आ रहे हैं। रपटे पर गार्ड लगा दीजिए।" रपटा म्हणजे नदीवरचा बुटका फरशीपूल. आमचा कॅम्प त्याच्या इंदूरकडच्या काठाला होता.

जगताप पळतच आला. "भोईटे, सरकार येताहेत. पूर बघायला. अपनी तरफ."

बातमी कंपनीभर झाली. जवानांनी पावसात उभ्याउभ्या दाढ्या केल्या. ट्रंकेच्या तळाशी टाकलेले संस्थानचे जुने बिल्ले वर आले. आमचे कॅप्टनसाहेब नवे, पंजाबकडचे. त्यांनी विचारलं, "कौन सरकार?"

"सरकार, साहब," जगताप म्हणाला.

"अच्छा, ठीक है."

मी पुढं होऊन सॅल्यूट केला. "साहब, गार्ड मुझे दीजिए."

"क्यों?"

काय सांगणार? महिन्याभरात मी घरी जाणार होतो. जाण्याआधी एकदा सरकारांनी मला उजव्या अंगाला उभा पाहावं, एवढंच होतं. कॅप्टनसाहेब म्हणाले, "जगताप की आवाज़ अच्छी है. आप रस्सा और नाव सँभालिए."

जगताप सहा जवान घेऊन पलीकडच्या काठाला गेला. मी अलीकडं दोर धरून. पाणी फरशीवर घोट्याएवढं होतं, ते पोटरीला आलं. तेवढ्यात समोरून काळी मोटार आली. "सलामी शस्त्र!" हुकूम माझ्यापर्यंत पोचला. काच खाली झाली. आत खादीची टोपी होती.

जगतापनं सॅल्यूट पुरा केला. मग नदीवरून मराठीत ओरडला, "भोईटे, सरकार आले नाहीत. सरकार आलंय." मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. त्याचाही मुजरा फुकट गेला होता.

पुढचं बोलणं गार्डातल्या मांगीलालनं मला नंतर सांगितलं. जगताप म्हणाला, "पानी चढ़ रहा है, साहब. गाड़ी रुकेगी." मंत्र्यांचे सेक्रेटरी म्हणाले, "शाम को इंदौर में सभा है. सरकार का हुक्म है." जगतापनं पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा 'सरकार' म्हटलं. त्या शब्दापुढं आमच्यातला माणूस तिसऱ्यांदा बोलत नसे.

माझ्या हातातल्या दोराचं दुसरं टोक त्यानं एका जवानाकडून पलीकडं मागवून घेतलं. जवान मोटारीच्या दोन्ही बाजूंनी चालू लागले. वाहत्या अंगाला तो स्वतः. मध्यावर इंजिन बंद पडलं. "साहब लोगों को निकालो!" जवानांनी मंत्री, सेक्रेटरी आणि ड्रायव्हर यांना दोराला धरून आणलं. मी तिघांना हाताला धरून वर घेतलं. मग जवान आले. शेवटी तो निघाला, तोच वरच्या अंगानं बाभळीचं आख्खं झाड वाहत आलं आणि मोटारीवर आदळलं. मोटार गेली, झाड गेलं. माझ्या हातातला दोर हलका झाला.

दुसऱ्या दिवशी तो खालच्या वळणावर सापडला. छातीवर जुना बिल्ला तसाच होता.

कॅप्टनसाहेबांनी फैरींच्या सलामीची परवानगी मागितली. उत्तर आलं, "नॉट ऑन स्ट्रेंथ." संस्थानी फौज कागदावर संपली होती आणि आर्मीत त्याचं नाव अजून चढलं नव्हतं. तो कोणाचाच शिपाई नव्हता. मंत्र्यांची सभा ठरल्याप्रमाणे झाली. तीत ते म्हणाले, एका गावकऱ्यानं मोठी मदत केली. ते मी घरी वडिलांना सांगितलं. त्यानंतर मी सरकारची बाजू घेतली नाही.

आम्ही फैरींशिवायच त्याला नेलं. परत आल्यावर त्याच्या बायकोनं मला ओसरीवर थांबवलं.

"भावजी, सरकार आले होते ना?"

मी म्हणालो, "आले होते, वहिनी."

"यांना पाहिलं त्यांनी?"

"पाहिलं. उजव्या अंगाला उभा होता."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान हलवली.

मी खोटं बोललो त्याचं मला काही वाटत नाही. वाटतो तो हेवा. मी पुढं कापडमिलच्या फाटकावर नोकरी केली, येणाऱ्याजाणाऱ्या शेठला सलाम ठोकले. मी गेल्यावर कोण काय बोलणार? मल्हारगंजात मात्र अजून सांगतात, जगताप गेला तेव्हा सरकार स्वतः आले होते.