गाठ कसली ते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. अक्का असताना धीर झाला नाही. आता ती नाही, आता धीर काय चाटायचाय?

अक्का माझी थोरली बहीण, शिवाजीनगरात राहायची. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. रविवारी गेलो की पाटावर बसवून डोक्याला तेल घालायची — मी डॉक्टर झालो तरी.

साठ सालाच्या पुढेमागे भावोजींना धाप लागू लागली. आमच्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी निदान केलं — रक्ताची गाठ, पायातून सुटून फुफ्फुसात अडकलेली. रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं. उतार पडेना, वजन घटत चाललं, पायाला तर सूजही नव्हती. मला शंका आली, आणि मी मूग गिळून बसलो. उलट अक्काला ऐटीत सांगितलं, गाठ आहे, औषधानं जाईल.

भावोजी गेले. शवविच्छेदनाला मी उभा होतो. गुठळी असती तर चिमट्यानं निघाली असती. ही रक्तवाहिनीच्या भिंतीतूनच उगवली होती. मांसाची गाठ — कॅन्सर. असा क्वचितच होतो, आणि तेव्हा त्यावर इलाजही नव्हता.

अक्का दाराशीच उभी होती. काय निघालं, तिनं विचारलं. मी म्हणालो, गाठच होती.

खोटं बोललो का? आपल्या भाषेत दोन्हींना गाठच म्हणतात ना — त्या शब्दाआड मी लपलो.

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मीच चोळून वर धाडली."

भावोजी कारखान्यातून दमून आले की ती त्यांच्या पायांना तेल चोळायची. चोळल्यानं गाठ सुटते, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. माझं एक वाक्य पुरलं असतं. पण मग तिनं विचारलं असतं — तुला आधी कळलं नाही? मी झाकली मूठ झाकलीच ठेवली.

पुन्हा तिनं कुणाच्या अंगाला तेल लावलं नाही. मी मुद्दाम पाटावर जाऊन बसायचो. ती बाटली पुढे सरकवायची, हात पदरात गुंडाळून घ्यायची. त्या हातांसाठी माझा किती जीव तुटायचा, आणि तरी मी गप्प.

शेवटच्या दुखण्यात मी तिचे पाय चेपायला बसलो. तिनं ते आखडून घेतले. "नको रे, गाठ असली तर?"

मी हात मागे घेतला. तेव्हाही बोललो नाही.