टाकी लावलेली भिंत

सुजाता माझी धाकटी बहीण. अलिबागच्या दवाखान्यात आमची शेवटची भेट झाली, तेव्हा तिने विचारलं, "ताई, पाट्याला टाकी लावून घेतलीस का गं?" मी म्हटलं, "तू घरी ये, मग लावू." ती आली नाही...

पाटा आईचा, म्हसळ्याच्या घरातला. वापरून गुळगुळीत झाला की मिरची नुसती सरकायची. मग टाकीवाला येऊन छिन्नीने त्यावर बारीक खाचा पाडून द्यायचा आणि सुजाता समोर फतकल मारून बघत बसायची. पुढे ती इंजिनीअर झाली. काशीदच्या अलीकडे धूपप्रतिबंधक भिंतीचा आराखडा तिच्याकडे आला, तेव्हा तिने भिंतीलाही टाकीच लावली म्हणा ना. काँक्रीटचा दर्शनी भाग मुद्दाम खडबडीत ठेवला, ओहोटीला पाणी साठून राहील असे वाटीएवढे खळगे केले, खेकड्यांना लपायला फटी सोडल्या. "लाट तर अडेलच," ती म्हणायची, "पण कालवांना धरायला काहीतरी नको का?" पावसाळा सरला आणि भिंतीवर कालवं, खडकाला चिकटून वाढणारे ते शिंपले, धरली. खळग्यांत बारकी मासळी फिरू लागली. कालवं काढायला येणारी हिराबाय सुजाताला 'भिंतीची सासू' म्हणायची, कारण ती आली की भिंतीच्या खोडी काढत फिरायची.

मग सुजाता पहिल्या ऑपरेशनसाठी रजेवर गेली आणि तिच्या साहेबांनी डाव साधला. वरून कोणी मोठे पाहुणे पाहणीला येणार होते. खड्ड्यांची भिंत बघून काम निकृष्ट आहे असं त्यांना वाटेल, म्हणून साहेबांनी ओहोटी साधून सगळीकडे सिमेंटचा गिलावा मारून घेतला. जिवंत कालवांवर. ती रजेवरून परतली तेव्हा मी तिच्याबरोबर भिंतीकडे गेले होते. भिंत आरशासारखी चकचकीत. सुजाताने तिच्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. "ताई, आत आहेत सगळी," एवढंच म्हणाली. गिलाव्याने माझी बहीण मेली असं मी म्हणत नाही, तिचा आजार वेगळा होता. पण त्या दिवसानंतर तिने आराखड्याचा कागद पुढ्यात घेतला नाही, आणि हे मी साहेबांना कधीही माफ करणार नाही.

सुजाता गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला भन्तेजी मैत्रीभावनेवर, वैऱ्याचंही भलं चिंतण्यावर, बोलले. मी हात जोडून ऐकलं. त्यांच्यामागून साहेब उठले. सुजाताच्या कल्पकतेचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, भिंतीवर तिच्या नावाची संगमरवरी पाटी बसवू या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, चेहरा कसा ठेवायचा ते मला कळतं. "साहेब, भिंतीला आजचं रूप तुम्ही दिलंत," मी म्हटलं. "तिथे तुमचंच नाव शोभेल." त्यांना तो माझा मोठेपणा वाटला. साहेब नको नको म्हणत राहिले आणि त्यांच्याच नावाची पाटी बसली, हार पडले, फोटो निघाले. पहिली टाळी माझी होती.

परवा ओहोटीला हिराबाय रिकामी टोपली घेऊन भेटली. "ही भित मेलेली हाय गो बाय. कायपन चिकटत न्हाय." मग पाटीकडे बघून म्हणाली, "आनि ह्ये नाव कुनाचं?"

"ज्यानं कालवं गाडली त्याचं."

हिराबायला वाचता येत नाही, पण पाटी तिने नीट बघून ठेवली. संध्याकाळपर्यंत 'कालवं गाडणाऱ्याची पाटी' हे नाव साऱ्या कोळीवाड्यात झालं.

म्हसळ्याचा पाटा मी अजून तसाच ठेवलाय, गुळगुळीत. टाकीवाले आता येत नाहीत. छिन्नी-हातोडी मी बाजारातून आणली ती भिंतीसाठी. ओहोटी असली की जाते आणि हात दुखेपर्यंत गिलावा टोचते. कोणी हटकलं तर हटको. एका खाचेत या आठवड्यात नखाएवढं कालव धरलंय. पाटीला मात्र मी छिन्नी लावत नाही. उलट जाता-येता पदराने पुसून ठेवते. नाव वाचता आलं पाहिजे.