म्हशाच्या आजीने न लावलेला लेप

वर्दी उतरवून वर्षं झाली, पण म्हशाची ती आजी काही डोक्यातून जात नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी मुरबाड भागात फौजदार होतो. म्हसा गावची जत्रा चालू, आम्ही सगळे बंदोबस्तात. भर दुपारी पोलीस पाटील धापा टाकत चौकीत आले. "सायेब, सापगावची माणसं काठ्या घेऊन पाड्यावर निघालीत. हाडं बसवणाऱ्या आजीला मारतील." जीप काढली. पोचलो तोवर आजीच्या झोपडीचा कूड अर्धा मोडला होता.

सगळ्यांत पुढे एक तरुण होता. त्याची विधवा आई सोबतच. तिच्या डाव्या अंगठ्याचं मूळ लिंबाएवढं सुजलेलं. "हिनं लेप लावला न् आयचा अंगठा सडवला!" तो ओरडत होता. आई आजीकडे जाऊन आली आणि सूज वाढली, एवढंच त्याला ठाऊक. सगळ्यांना चौकीत आणलं, फिर्याद घेतली. आई मान खाली घालून म्हणाली, "मला काय ठाव नाय." जबाबावर अंगठा उठवताना ती कळवळली आणि खरं सांगतो, आजीबद्दल माझं मत तिथेच ठरलं.

"काय लावलंस, आजी?"

"काय नाय लावलं. हात बघितला, परत धाडली."

"का?"

मी टेबलावर हात आपटला, तुरुंगाची भीती घातली. म्हातारी ढिम्म! लबाड माणूस अशा वेळी भाराभर बोलतो, हे मला ठाऊक होतं, तरी माझा पारा चढलाच. तेवढ्यात तिने माझाच हात धरला आणि करंगळी चाचपली. "मोडल्याली हाय. वाकडी बसली. थंडीत ठणकते ना?"

ट्रेनिंगमध्ये मोडली होती. हवालदार तोंड फिरवून हसू लागला.

"हाड खोटं बोलत नाय, सायेब. तिच्या हाताचा फोटो काढा. मंग टाका मला आत."

दवाखान्याला पत्र दिलं, एक्स-रे काढला. डॉक्टर चक्रावले. अंगठ्याच्या मुळाशी असणारं छोटं हाडच नव्हतं, त्या जागी सिलिकॉनचा रबरासारखा तुकडा! संधिवाताने सांधा झिजला की असा तुकडा बसवतात, ते म्हणाले. काही वर्षं घासून त्याचा बारीक चुरा आत पडतो. काहींच्या शरीराला तो सोसत नाही, मग सूज येते, शेजारच्या हाडांना भोकं पडतात. लेपाचा काही संबंधच नव्हता.

मग आईला रडू फुटलं. मुलाने मनाई केलेली असताना, भावाकडे जाते सांगून ती कल्याणला एका डॉक्टरांकडे धुणीभांडी करायची. ऑपरेशन त्यांनीच करून दिलं. घरी सांगितलं, विळा लागला. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी आजीकडे वळलो. "तुला ठाऊक होतं?"

"हात धरला तवाच. विळ्याचा घाव असा सरळ नसतो. तिला सांगितलं, हे माजं काम नाय गो, त्याच डागतराकडं जा. ती रडली. पोराला सांगू नको बोलली."

"अगं, मग झोपडी मोडत होते तेव्हा तरी सांगायचंस! तुरुंगात गेली असतीस."

"झोपडी परत बांधीन. तिनं इस्वासानं सांगितल्यालं, ते चार माणसांत कसं बोलू?"

मी वर्दीतला माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं. लाजही वाटली.

पुढे कल्याणच्या त्याच डॉक्टरांनी तो तुकडा काढला. पकड थोडी कमी झाली, पण बाईचा ठणका गेला. आजीचा कूड मुलाने स्वतः बांधून दिला, शेणामातीने लिंपूनसुद्धा.

भल्याभल्यांना बोलतं केल्याचा मला फार अभिमान होता. त्या आजीकडून मात्र त्या गुपिताचा एक शब्द काढता आला नाही. तेवढ्या एका ठिकाणी हरलो, याचा मला आजही आनंद आहे.